इलेक्ट्रोस्टॅटिक लेव्हिटेशन : गोळीवर चार्ज चढवायची खात्रीची पद्धत कोणती?

शाहूपुरी_लॅब
डिसेंबरातल्या विज्ञान प्रदर्शनासाठी दोन प्लेट्सच्या मधोमध २ मिमी व्यासाची भरीव अॅल्युमिनियमची गोळी हवेत स्थिर ठेवायची आहे. मांडणी अशी: वरची प्लेट २५ मिमी, खालची ४० मिमी, दोन्ही पितळी, मधलं अंतर १२ मिमी. एचव्ही, म्हणजे उच्च व्होल्टेजचा, सप्लाय ० ते १५ केव्ही: जुन्या टीव्हीचा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर आणि व्होल्टेज वाढवणारा मल्टिप्लायर. गोळीची उंची ओळखायला एलईडीची सावली दोन फोटोडायोडवर पाडली आहे. कंट्रोलचं गणित समजतं, अडचण चार्जची आहे.

पुस्तकात घर्षण, स्पर्श, प्रवर्तन, करोना, अतिनील प्रकाश, इलेक्ट्रॉन झोत अशी यादी असते. यातलं नेमकं काय वापरायचं याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून तीन प्रश्न: चार्ज किती लागतो? तो कसा चढवायचा? आणि तरंगताना कमी झाला तर खाली न उतरवता परत कसा भरायचा?

पावडरकोट_शिरोली
एवढा विचार कशाला? सुई लावा, करोना करा, मोकळे व्हा. शिरोलीत पावडर कोटिंगच्या गनमध्ये ६० ते १०० केव्हीला हेच होतं. टोकाजवळची हवा आयनित होते, आयन कणावर बसतात, कण जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर, जाऊन चिकटतो. वस्तू वाहक असो वा नसो, फरक पडत नाही.

ओहम_मीटर
@पावडरकोट_शिरोली दादा, पावडरला जॉबवर जाऊन चिकटायचं असतं. यांना गोळी मध्येच थांबवायची आहे. करोना चालू असला की आयनांचा वारा वाहतो, तोच गोळीला ढकलतो. पहिला चार्ज करोनाने नको. तो नंतर लागेल, त्यावर खाली येतोच.

@शाहूपुरी_लॅब, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. २ मिमीच्या अॅल्युमिनियमच्या गोळीचं वस्तुमान ११.३ मिलिग्रॅम, वजन सुमारे ०.१११ मिलिन्यूटन. चार्ज गुणिले विद्युत क्षेत्र बरोबर वजन. क्षेत्र ७ केव्ही प्रति सेमी धरलं तर लागतो ०.१६ नॅनोकुलंब, म्हणजे साधारण १०० कोटी इलेक्ट्रॉन गोळीवरून काढायचे किंवा तिच्यावर घालायचे. ऐकायला मोठा आकडा वाटतो, चार्ज अगदी किरकोळ आहे. चढवणं सोपं, टिकवणं अवघड. सगळी मांडणी टिकवण्याच्या हिशोबाने करा.

निर्वात
चार्ज चढवायला वेगळं काही लागतच नाही. गोळी खालच्या प्लेटवर ठेवा आणि वरच्या प्लेटचं व्होल्टेज वाढवत न्या. गोळी प्लेटला टेकलेली आहे आणि वाहक आहे, म्हणून क्षेत्र स्वतःच तिच्यावर चार्ज बसवतं. हेच प्रवर्तन. नासाच्या जेपीएलमध्ये वॉन-क्यू रिम यांच्या गटाने विकसित केलेल्या यंत्रणेपासून हीच रीत रूढ आहे. उड्डाणाचं व्होल्टेज आणि चार्ज भरण्याचं व्होल्टेज एकच असतं.

सपाट प्लेटवर टेकलेल्या गोळीवर बसणारा चार्ज म्हणजे चार पाय (π) गुणिले निर्वाताची विद्युतशीलता गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले क्षेत्र, आणि या सगळ्याच्या १.६४५ पट. टेकलेली असताना वर ओढणारं बल मात्र चार्ज गुणिले क्षेत्र याच्या ०.८३ पटच असतं, कारण प्लेटमधली तिचीच प्रतिमा, म्हणजे तिच्यामुळे प्लेटवर जमलेला उलटा चार्ज, तिला खाली ओढते. हे ०.८३ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हिशोबाला सोपं सूत्र: उचलायला लागणारं क्षेत्र, केव्ही प्रति सेमीमध्ये = ३.६७ × (व्यास मिमीमध्ये × घनता ग्रॅम प्रति घनसेमीमध्ये) याचं वर्गमूळ.

अॅल्युमिनियम २ मिमी: ८.५. तुमच्या १२ मिमी अंतराला १०.२ केव्ही.
झिर्कोनियम २ मिमी: १३.२, म्हणजे जवळपास १६ केव्ही.
बेअरिंगची पोलादी गोळी २ मिमी: १४.५, म्हणजे १७.४ केव्ही.

पंधरा केव्हीच्या सप्लायवर पोलाद उठणार नाही, अॅल्युमिनियम आरामात उठेल.

उद्यमनगर_लेथ
निर्वात सरांचा हिशोब बरोबर आहे, पण तो आरशासारख्या प्लेटचा. पितळी प्लेट लेथवरून काढून तशीच लावली तर कडेवर टूलची रेघ राहते, आणि दहा केव्हीला तिथूनच सूंsss आवाज सुरू होतो. खोलीत पूर्ण अंधार करून दहा मिनिटं डोळे सरावू द्या, मग कडेला जांभळा ठिपका दिसतो. वरच्या प्लेटची कड किमान ५ मिमी त्रिज्येने गोल करा. मग ४००, ८००, १२०० चा पेपर, शेवटी बफ. बफचं मेण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, नाहीतर त्यावर धूळ बसते आणि धुळीचा प्रत्येक कण म्हणजे एक नवी सुई.

गोळीलाही तेच. वायर कापून ठोकलेल्या गोळीला शिवण असते. ती चालणार नाही.

निर्वात
@उद्यमनगर_लेथ अगदी. टेकलेल्या गोळीच्या माथ्यावर क्षेत्र सरासरीच्या ४.२ पट होतं. म्हणजे ८.५ चं ३६ केव्ही प्रति सेमी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, हवा सहा-सात टक्के विरळ, त्यामुळे सपाट प्लेट्समध्ये हवा ३० ऐवजी २८ केव्ही प्रति सेमीलाच फुटते. मग ३६ ला का फुटत नाही? कारण एवढ्या लहान त्रिज्येजवळ तीव्र क्षेत्राचा थर फार पातळ असतो आणि हवा सपाट प्लेटच्या दुपटीपर्यंत सोसते. गोळी गुळगुळीत असेल तोवरच. शिवण असली की ही सवलत गेली.

रंकाळ्याकाठी
प्रवर्तन ठीक आहे, पण शाळकरी मुलांना दाखवायचं तर घर्षण का नको? थर्माकोलचा मणी, लोकरीने घासलेला पीव्हीसी पाइप, झालं काम. एचव्हीचा धोकाही नाही.

ओहम_मीटर
@रंकाळ्याकाठी ताई, पाइपवर मणी नाचवायला घर्षण उत्तम. प्लेट्समध्ये स्थिर ठेवायला त्रास देतं, याची कारणं दोन. एक, चार्ज किती बसेल ते दर वेळी बदलतं. दोन, विद्युतरोधक मण्यावर चार्ज ठिगळांसारखा बसतो, एका बाजूला धन तर दुसऱ्या बाजूला ऋण. पेट (PET) प्लास्टिकच्या बाटलीत थर्माकोलचे मणी हलवले की भिंतीला घट्ट चिकटतात, पण फॅरेडे पेल्यात, म्हणजे एकूण चार्ज मोजायच्या धातूच्या पेल्यात, टाकले की निव्वळ चार्ज नगण्य निघू शकतो. असा मणी क्षेत्रात तरंगण्याऐवजी कलंडतो.

घर्षणच हवं असेल तर पीटीएफईची (टेफ्लॉनची) नळी घ्या. आतला व्यास मण्याच्या दीडपट, लांबी अर्धा मीटर, दोन-तीन वळणं, मत्स्यालयाच्या पंपाने हवा. मणी सगळ्या बाजूंनी घासत जातो आणि पीटीएफईसमोर जवळपास प्रत्येक पदार्थ धनच होतो, त्यामुळे चिन्हाची खात्री मिळते. पावडर कोटिंगची ट्रायबो गन याच तत्त्वावर चालते, तिच्यातली पावडर म्हणूनच धन निघते. @पावडरकोट_शिरोली दादांना हे माहीत असणार.

पावडरकोट_शिरोली
व्हय, ट्रायबो गनची नळी पीटीएफईचीच. पण सगळी पावडर तिच्यातून चार्ज होत नाही. इपॉक्सी छान होते, पॉलिएस्टरला त्यासाठी खास घटक मिसळलेली पावडर मागवावी लागते. आणि नळी झिजली की चार्ज पडतो, म्हणून गनवरच्या मायक्रोअँपिअरच्या आकड्यावर डोळा ठेवायचा असतो.

हुपरीचा_मणी
थर्माकोलचा मणी वाहक करायचा सोपा उपाय आहे: चांदीचा वर्ख. मिठाईवर लावतात तोच. मायक्रॉनहूनही पातळ असतो, वजनात नगण्य भर पडते. ३ मिमीचा मणी पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून टिपकागदावर लोळवा, चिकटपणा जेमतेम उरला की वर्खावर लोळवा, सुकल्यावर मऊ ब्रशने सुटे तुकडे झाडा. मल्टीमीटरच्या दोन्ही पिना अलगद टेकवून सलगता तपासा. मग निर्वात सरांचं सूत्र लागू. घनता ०.०२६ धरली तर क्षेत्र १ केव्ही प्रति सेमी. ३० मिमी अंतराला ३ केव्हीत उठेल.

वर्ख लावताना पंखा बंद. सुटा तुकडा प्लेटवर उभा राहिला की तिथून करोना सुरू.

दुसरं: हुपरीत मिळणारे चांदीचे पोकळ मणी. ४ मिमी व्यास, ०.१ मिमी भिंत धरली तर वजन ५० मिलिग्रॅमच्या आसपास. सरासरी घनता १.५, क्षेत्र ९. अॅल्युमिनियमच्या गोळीइतकंच, पण दिसायला दुप्पट मोठा आणि झळाळता. प्रदर्शनात लांबून दिसेल.

उद्यमनगर_लेथ
@हुपरीचा_मणी ओवायच्या भोकाचं काय? भोकाची कड म्हणजे ब्लेडची धार.

हुपरीचा_मणी
भोक डाकाने बुजवून पॉलिश करायचं. न बुजवता ठेवायचा तर दोन्ही भोकं आडवी येतील असा ठेवा, माथ्यावर नकोत. पण उठल्यावर तो फिरणार, म्हणून बुजवलेलाच बरा.

इचल_सूत
थोडं विषयांतर. इचलकरंजीत हाच चार्ज घालवण्यासाठी खटपट चालते. पॉलिएस्टर सूत गाइडवर घासून चार्ज होतं, धागे एकमेकांपासून फुगतात, तुटतात. म्हणून शेडमध्ये आर्द्रता वाढवतात. सुताच्या पृष्ठभागावर ओलावा बसला की चार्ज वाहून जातो. तर मग पावसाळ्यात कोल्हापुरात हा प्रयोग होणारच नाही ना?

ओहम_मीटर
@इचल_सूत घर्षणाने होणार नाही. प्रवर्तनाने होईल. तुमचं सूत गाइडला, रोलरला टेकलेलं असतं, चार्जला पळायला वाट असते. तरंगणारी गोळी कशालाच टेकलेली नाही, तिच्या पृष्ठभागावर कितीही ओलावा असला तरी चार्ज जाणार कुठे? दमट हवेत गळती होते ती अॅक्रिलिकच्या खांबांवरून, वायरच्या जोडावरून, मल्टिप्लायरवरून. म्हणजे सप्लायचं व्होल्टेज खाली बसतं आणि आपल्याला वाटतं गोळीचा चार्ज गेला.

खांब अल्कोहोलने पुसा, त्यानंतर हात लावू नका, बोटाच्या घामाचं मीठ पुरतं. खांबांना आडव्या खाचा पाडा, पृष्ठभागावरची वाट लांबते. सगळं अॅक्रिलिकच्या पेटीत आणि आत सिलिका जेल. डिसेंबरात तर फारशी काळजीच नाही.

रंकाळ्याकाठी
हे पटलं. पण हवेत आयन असतातच की. तरंगत असतानाही चार्ज हळूहळू जाणारच.

निर्वात
जातो. स्वच्छ हवेत हा काळ साधारण पाव तासाच्या घरात. पण प्रदर्शनात एवढी स्वच्छ हवा मिळत नाही. शेजारच्या टेबलावर कुणी मेणबत्ती किंवा गॅस पेटवला की ज्वाळेतले आयन येऊन गोळी खाली. पेटी बंद ठेवण्याचं खरं कारण हे. आणि सगळ्यात मोठा चोर वरच्या प्लेटची कड. तिथून एक पिकोअँपिअर जरी गोळीवर येत राहिला तरी मिनिटाला ६० पिकोकुलंब. आपल्याकडे एकूण १५६, म्हणजे वरचे ०.१६ नॅनोकुलंब, आहेत. एका मिनिटात चार्ज चाळीस टक्के कमी. हा करोना ऐकूही येत नाही, दिसतही नाही.

चार्ज किती उरला ते कळायला वेगळं मीटर नको. स्थिर तरंगताना चार्ज = वजन × अंतर ÷ व्होल्टेज. कंट्रोलरने लावलेलं व्होल्टेज सावकाश वर चढत असेल तर तेवढ्याच प्रमाणात चार्ज कमी होतोय. हा आलेख शेजारी स्क्रीनवर दाखवा, प्रदर्शनात तोच बघण्यासारखा असतो.

शाहूपुरी_लॅब
फार उपयोगी माहिती. आता उड्डाणाबद्दल: १०.२ केव्हीला गोळी उठते, पण सरळ वरच्या प्लेटला धडकते, तिथे उलटा चार्ज घेऊन खाली येते आणि दोन प्लेट्समध्ये टकटक चालू राहते. फीडबॅक चालू असूनही.

ओहम_मीटर
इथेच ते ०.८३ येतं. टेकलेली असताना ओढ ०.८३ पट होती. सुटली की प्रतिमेची ओढ व्यासाभराच्या अंतरात जवळपास संपते आणि बल वजनाच्या १.२ पट होतं. म्हणजे उठताक्षणी व्होल्टेज ८३ टक्क्यांवर, तुमच्याकडे १०.२ वरून ८.५ केव्हीवर, आणायला हवं. न आणल्यास गोळी गुरुत्वत्वरणाच्या ०.२ पट त्वरणाने वर जाते, मधल्या ५ मिमीला साधारण ७० मिलिसेकंद. गोळी प्लेटला चिकटून उशिरा सुटली तर चार्ज आणखी जास्त असतो आणि वेळ आणखी कमी मिळतो.

फ्लायबॅक एवढ्या वेगाने खाली येतच नाही. मल्टिप्लायरच्या कपॅसिटरमधला चार्ज रिकामा व्हायला वाट नसते. ब्लीडर, म्हणजे चार्ज सतत गळवणारा रेझिस्टर, लावला तर सप्लाय दमतो. म्हणून मोठं व्होल्टेज स्थिर ठेवा आणि लहान व्होल्टेज हलवा. वरची प्लेट कायम उणे ७.७ केव्ही. खालची प्लेट जमिनीपासून अलग करून तिच्यावर ० ते अधिक ३ केव्हीचा जलद अॅम्प्लिफायर. उड्डाणाला खालची अधिक २.५, तरंगताना अधिक ०.८ च्या आसपास. दोन्ही दिशांना हलायला जागा राहते.

सावली ०.३ मिमी हलली की फीडबॅक पकडला पाहिजे. वेगाचं पद, म्हणजे डी टर्म, भरपूर ठेवा. दोन सपाट प्लेट्समध्ये बल उंचीवर जवळपास अवलंबून नसतं, त्यामुळे नुसत्या प्रपोर्शनलने गोळी झोके घेत राहते. स्थिर विद्युत क्षेत्रात आपोआप स्थिर जागा मिळत नाही हे अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच सिद्ध केलंय. वरची प्लेट खालच्यापेक्षा लहान ठेवलीत ते मात्र योग्य. क्षेत्ररेषा वर जाताना आत वळतात, म्हणून गोळी आडवी सरकली तरी मध्यावर परतते. उभ्या दिशेचा भार कंट्रोलरवर.

उद्यमनगर_लेथ
चिकटण्यावर उपाय: खालच्या प्लेटच्या मध्यावर १ मिमी व्यासाचा, अर्धा मिमी उंच, माथा गोल केलेला उंचवटा. त्यावर गोळी टेकते ती एका बिंदूवर, चिकटत नाही, आणि उंच असल्याने चार्जही थोडा जास्तच घेते. उलट वाटीसारखा खड्डा केलात तर गोळी आत झाकली जाते, चार्ज कमी बसतो. उंचवट्यावरून घरंगळू नये म्हणून माथ्यावर टोकाने हलकासा ठिपका मारा, गोळीच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाहून मोठा नको.

गुजरी_कोपरा
चिन्हाचं कुणी बोललं नाही. वर ऋण, खाली धन असंच का? उलट केलं तर?

निर्वात
उचलायला फरक नाही, परत भरायला आहे. अतिनील प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, म्हणजे वस्तू धनच होऊ शकते. पुढे अतिनीलने भरायचं असेल तर गोळी पहिल्यापासून धन हवी, म्हणून वरची प्लेट ऋण. निर्वातातल्या मोठ्या यंत्रणांत, जिथे धातूचा नमुना तरंगत ठेवून लेसरने वितळवतात, हाच क्रम असतो: प्रवर्तनाने उचल, ड्यूटेरियम दिव्याच्या अतिनीलने राखण, आणि नमुना लेसरने पांढराशुभ्र तापला की औष्णिक उत्सर्जनाने, म्हणजे उष्णतेनेच इलेक्ट्रॉन बाहेर पडल्याने, तो आपोआप धन राहतो. झिर्कोनियम २१२८ केल्विनला वितळतं, तिथे दिव्याची गरजच उरत नाही. अॅल्युमिनियम ९३३ ला वितळतं, तिथे औष्णिक उत्सर्जन नावालाही नाही, शेवटपर्यंत दिवाच. अवघड टप्पा मधला: तापताना पृष्ठभागावरचे वायू सुटतात, त्यांच्याबरोबर चार्ज जातो आणि औष्णिक उत्सर्जन अजून सुरू झालेलं नसतं. नमुने पडतात ते बहुतेक या टप्प्यात.

गुजरी_कोपरा
म्हणजे पाण्याच्या प्युरिफायरमधली ११ वॅटची यूव्ही नळी लावली तर चालेल?

निर्वात
तिचा प्रकाश २५४ नॅनोमीटर, म्हणजे ४.८८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. जस्ताचं कार्यफल, म्हणजे इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा, ४.३, अॅल्युमिनियमचं त्याहून थोडं कमी, तांब्याचं ४.७. जस्त आणि अॅल्युमिनियमला चालेल, तांब्याला कसंबसं, प्लॅटिनमला मुळीच नाही. पृष्ठभाग वापरायच्या आधी लगेच बारीक एमरीने घासलेला हवा, ऑक्साइड जाड झालं की उत्पन्न घटतं. पेटीला क्वार्ट्झची खिडकी लावा. साध्या काचेतून हा प्रकाश येत नाही, अॅक्रिलिकमधूनही नाही. ते एका परीने बरंच, पेटीबाहेरचे डोळे वाचतात. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, हातावरही पडू देऊ नका.

कुठे टाकायचा हे महत्त्वाचं. इलेक्ट्रॉन निघाला तरी गोळी धन आहे, त्याला परत ओढते. तो सुटतो फक्त जिथे पृष्ठभागावरचं क्षेत्र त्याला बाहेर ढकलतं, आणि ती जागा म्हणजे गोळीचा खालचा भाग, धन प्लेटकडे तोंड असलेला. तुमच्या चार्जला हिशोब केला तर तळापासून सुमारे ४९ अंशांपर्यंतची टोपी. माथ्यावर टाकलेला प्रकाश वाया.

ओहम_मीटर
आणि खालून वर टाकलेला झोत गोळीला चुकवून वरच्या प्लेटवर पडला तर? ती ऋण आहे. तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन, हवेत ऋण आयन होऊन, थेट गोळीवर येतात. चार्ज भरण्याऐवजी रिकामा होतो. यूव्ही लावल्यावर व्होल्टेजचा आलेख खाली जाण्याऐवजी वर चढायला लागला तर ओळखा की हेच चाललंय.

गुजरी_कोपरा
वरच्या प्लेटला सोन्याचा मुलामा दिला तर? सोन्याचं कार्यफल ५.१ आहे. गुजरीत मुलाम्याचं काम करणारे पितळेवर सहज चढवून देतील.

निर्वात
@गुजरी_कोपरा छान सुचवलंत. हवेतल्या सोन्यावर वाफांचा थर बसून कार्यफल थोडं खाली येतं, तरी उत्सर्जन पितळेपेक्षा बरंच कमी राहील. त्याबरोबर झोत आवळा: दिव्यापुढे काळा केलेला पत्रा, त्याला ३ मिमीचं भोक, कोन असा की गोळीला चाटून गेलेला प्रकाश दोन्ही प्लेट्सच्या मधून पलीकडे निघून जाईल. खालच्या प्लेटवर पडला तर बिघडत नाही, ती धन आहे, स्वतःचे इलेक्ट्रॉन स्वतःच परत घेते.

पावडरकोट_शिरोली
मग आता तरी माझी सुई घ्या की राव!

ओहम_मीटर
घेतली! हवेत परत भरायला सुईच सगळ्यात सोपी. खालच्या प्लेटला मध्यापासून १० मिमीवर ३ मिमीचं भोक, कडा गोल. त्यातून शिवणाची सुई, टोक प्लेटच्या पृष्ठभागाच्या जरा खाली. सुईला प्लेटपेक्षा ४ ते ६ केव्ही जास्त धन, तेही फक्त मिलिसेकंदांच्या झटक्यांत, दोन झटक्यांमध्ये कंट्रोलरला सावरायला वेळ. धन आयन क्षेत्ररेषांवरून वर चढतात, काही गोळीच्या तळावर बसतात. मर्यादा आपोआप येते: वाहक गोळीवर करोनाने जास्तीत जास्त चार्ज प्रवर्तनाच्या १.६४५ च्या जागी ३ या गुणकाने बसतो. तुमच्या तरंगत्या क्षेत्रात हे आत्ताच्या चार्जच्या दीडपट. त्यापुढे गोळी स्वतःच आयनांना दूर ढकलते. यूव्हीचीही मर्यादा हीच.

झटका मोठा झाला तर आयनांचा वारा गोळीला आडवं ढकलतो. सुईपासूनचं अंतर वाढवून बघा, व्होल्टेज नंतर.

रंकाळ्याकाठी
काचेचे किंवा सिरॅमिकचे मणी? प्रवर्तनाने नाही ना होणार?

निर्वात
वेळेचा प्रश्न आहे. चार्ज आत शिरायचा काळ = विद्युतशीलता × रोधकता. अॅल्युमिना, रोधकता एक लाख कोटी ओहम-मीटर धरली तर: काळ दीड मिनिट. शंभरपट कमी रोधकता असेल तर एका सेकंदाच्या आत. म्हणून सिरॅमिक थंड असताना व्होल्टेज लावून मिनिटंच्या मिनिटं थांबावं लागतं किंवा आधी तापवावं लागतं, तापलं की रोधकता झपाट्याने पडते. नाहीतर करोना. भरीव पॉलिस्टायरीनला करोनाचा गुणक १.६८ येतो, म्हणजे वाहकाच्या प्रवर्तनाइतकाच. थर्माकोल हलका, त्याला याहून कमी गुणकही भरपूर.

शाहूपुरी_लॅब
व्हॅक्यूम पंप जोडला तर गळती कमी होईल का? रोटरी पंप उपलब्ध आहे.

निर्वात
एकटा रोटरी नको! १० मिमीच्या अंतराला ७५ पास्कलच्या आसपास हवा अवघ्या ३३० व्होल्टला फुटते. पंप चालू करताना याच टप्प्यातून जाणार आणि रोटरीच्या तळाला पोचलात तरी लांबच्या वाटेने, वायरपासून भिंतीपर्यंत, झगमगाट होणार. एक तर पूर्ण हवा, नाहीतर टर्बो पंपाने एका मिलिपास्कलच्या खाली. मधलं काही नाही.

शाहूपुरी_लॅब
ठरलं ते असं: २ मिमी अॅल्युमिनियम, प्रवर्तनाने उड्डाण, वर उणे ७.७ स्थिर, खाली ० ते ३ जलद, मध्ये उंचवटा, झटक्याने चालणारी सुई. यूव्ही पुढच्या वर्षी, मुलं जवळ असताना नको. सप्लायच्या सुरक्षेबद्दल काही?

ओहम_मीटर
वरच्या प्लेटच्या मालिकेत १०० मेगओहम. १० मेगओहमचे दहा, प्रत्येकी अर्धा वॅट आणि साडेतीन केव्ही सोसणारे एचव्ही रेझिस्टर, सरळ रेषेत, पीटीएफईच्या नळीत. साधे पाव वॅटचे लावले तर स्पार्क झाला की पृष्ठभागावरून उडी मारतात आणि संरक्षण नाहीसं होतं. शॉर्ट झालं तरी ८ केव्हीला ८० मायक्रोअँपिअर. हा रेझिस्टर प्लेटच्या जवळ लावा, सप्लायकडे नाही, नाहीतर वायरमधला चार्ज बोटावरच येतो.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर कुणी सुचवला तर हात जोडून नको म्हणा, तो जीव घेतो.

उद्यमनगर_लेथ
पेटीच्या दाराला मायक्रोस्विच: दार उघडलं की सप्लाय बंद. आणि आत हात घालायच्या आधी अर्थिंगची काठी. फूटभर अॅक्रिलिकचा दांडा, टोकाला तांब्याचा हूक, हूकपासून थेट अर्थिंगला जाड वायर. आधी वरच्या प्लेटला टेकवायची, मग मल्टिप्लायरच्या शेवटच्या कपॅसिटरला, आणि दार बंद करेपर्यंत तिथेच अडकवून ठेवायची. कपॅसिटर एकदा रिकामा केला तरी त्यातल्या प्लास्टिकमधून थोडं व्होल्टेज परत वर येतं.